चार नंबरचा वारा

जावई गाडीत उलटा होता. म्हणजे पाठ पुढच्या सीटवर, डोकं खाली पाय ठेवायच्या जागेत, आणि मोजे घातलेले पाय सीटच्या पाठीवरून मागे लोंबत. तोंडात टॉर्च. शेजारी ड्रायव्हरच्या जागेवर सासरे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते आणि त्यांची दोन बोटं ब्लोअरच्या नॉबवर होती.

"एक," सासरे म्हणाले आणि नॉब फिरवला.

"अंहं," जावई म्हणाला. तोंडात टॉर्च असताना एवढंच म्हणता येतं.

"दोन."

"अंहं."

"तीन."

"अंहं."

"डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलाय," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या नाकासमोरच तो होता.

"चार," सासरे म्हणाले.

डॅशबोर्डच्या सगळ्या जाळ्यांतून वादळ सुटलं. सासूबाईंच्या हातातलं वर्तमानपत्राचं पान उडालं आणि मागच्या काचेला जाऊन चिकटलं. त्यांनी न बघता हात मागे नेला, पान सोडवलं, घडी घातली आणि मांडीखाली सरकवली.

"मागे येते का हवा?" सासऱ्यांनी ओरडून विचारलं.

"अंगावर येते," सासूबाई ओरडल्या.

सासऱ्यांनी नॉब बंद केला. गाडीत शांतता पसरली आणि तिघांनीही समाधानाने माना हलवल्या. बिघाड जागच्या जागी होता.

आता 'जावई' म्हणणं तसं चूक होतं. मुलीचा आणि त्याचा घटस्फोट हिवाळ्यातच झाला होता. भांडण असं झालंच नाही. दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं, की शेवटी घरात दोन पाहुणेच राहतात आणि यजमान कुठेतरी बाहेर गेलेत, असं वाटायला लागलं. मग दोघांनी सह्या केल्या, एकमेकांना 'जपून जा' म्हणाले आणि जपून गेले. त्यानंतरच्या रविवारी तो तिच्या पुस्तकांचं खोकं पोचवायला तिच्या आईवडिलांकडे आला. खोकं दारात ठेवायचं, नमस्कार करायचा आणि निघायचं, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. सासरे खाली गाडीशी वाकलेले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"आलाच आहेस तर जरा टॉर्च धर," ते म्हणाले.

लग्न टिकलं तितकी सगळी वर्षं ते त्याला 'तुम्ही' म्हणत होते. जावई म्हणून घरात कुठे बसायचं, हेसुद्धा त्याला हाताने दाखवलं जायचं. घटस्फोटाच्या कागदांवरची शाई वाळली आणि तो 'तू' झाला. त्याने टॉर्च धरला. तेव्हापासून तो दर रविवारी येत होता.

बिघाड साधा होता. ब्लोअर, म्हणजे गाडीत हवा फेकणारा पंखा, एक-दोन-तीनवर अजिबात फिरत नव्हता आणि चारवर मात्र जिवाच्या आकांताने फिरत होता. एसी गार करायचा, पण ती गार हवा एकतर मिळायचीच नाही, नाहीतर थोबाडीत बसल्यासारखी मिळायची. भर उन्हाळ्यात सासूबाई स्वेटर घालून भाजीला जायच्या. आत बोलायचं तर ओरडावं लागायचं. सिग्नलला शेजारी थांबलेली माणसं बंद काचेतून बघायची आणि हळहळायची, की या वयात काय हे भांडण. आत सासरे विचारत असायचे, कोथिंबीर घेतलीस का, आणि सासूबाई सांगत असायच्या, घेतली.

सासऱ्यांचा सगळा जन्म टेलिफोनचे बिघाड शोधण्यात गेला होता. त्यांचं एक तत्त्व होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग आठवडाभर बघायचं. दोन गोष्टी बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि कळलं नाही तर गेलेला बिघाड आणि लपलेला बिघाड यांत फरक काय राहिला. जावई शाळेत भूगोल शिकवायचा. वाऱ्यांचा धडा तो दर वर्षी मुलांना शिकवत असला, तरी त्यातला एकही वारा नॉब फिरवून सुटत नव्हता. त्यामुळे तत्त्वाला विरोध करण्याइतकं ज्ञान त्याच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी त्याने केला नसता.

तर एका रविवारी फ्यूज बदलला. पुढच्या रविवारी पंख्याची वीज चालू-बंद करणारा रिले बदलला. मग हवा गाळणारी जाळी काढून झटकली, तिच्यातून पक्ष्याचं एक पीस निघालं. सासऱ्यांनी ते धुऊन वाळवून ठेवलं, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. मग अर्थिंगची वायर बदलली. मग नॉबच्या आतले संपर्क घासले. मग टायरमधली हवा तपासली, कारण हवेचाच प्रश्न होता. एका रविवारी गाडी नुसती धुतली. मन प्रसन्न असलेलं बरं, असं सासरे म्हणाले. कोणाचं, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

प्रत्येक चाचणीनंतर जेवण असायचं. तेही तत्त्वात बसत होतं, कारण इंजिन गार व्हायला वेळ द्यावा लागतो.

राहता राहिला रेझिस्टर. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे, दोन स्क्रूंवर बसवलेली, तळहातात मावेल अशी ती पट्टी असते. पंख्याचा वेग कमी करायचं काम तिचं. ती जळली की कमी वेग संपतात आणि फक्त सगळ्यात मोठा उरतो. हे कुठल्याही गॅरेजवाल्याला झोपेत सांगता येतं. जावयाने ते पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर वाचलं होतं, आणि दुसऱ्या रविवारी टॉर्च तोंडात धरून कप्प्यामागे बघितलंही होतं. पट्टीवरची तार काळीठिक्कर पडली होती.

"काय दिसतंय?" सासऱ्यांनी वरून विचारलं होतं.

त्याने टॉर्च तोंडातून काढला होता. वर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली होती.

"इथलं सगळं ठीक आहे," तो म्हणाला होता.

"नक्की?"

"नक्की."

मग सासरे स्वतः वाकले होते. बराच वेळ त्यांचं डोकं कप्प्यात होतं. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "खरंच ठीक आहे," ते म्हणाले. यातून दोनच शक्यता निघत होत्या. एक, सासऱ्यांची नजर पार अधू झाली असावी. दुसरी शक्यता जावयाने तपासायला घेतली नाही. एका वेळी एकच.

आज बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी घासायची होती. जावई सुलटा होऊन पायात बूट घालत होता, तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

बाहेर मुलगी उभी होती. तिच्यामागे एक उंच माणूस होता, हातात फळांची पिशवी.

"तू?" मुलगी म्हणाली.

"ब्लोअर," जावई म्हणाला.

"अजून?"

"गुंतागुंतीचं आहे."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जाड झालायस."

"चाचण्या बऱ्याच झाल्या."

सासूबाई मागच्या दाराने बाहेर आल्या. आज मुलगी येणार, सोबत कोणाला तरी आणणार, हे त्यांना माहीत होतं. सासऱ्यांनाही होतं, असं त्यांच्या एकदम वायपर तपासायला लागण्यावरून दिसलं.

"मला सांगायचं तरी, आई," जावई हळूच म्हणाला.

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"नसतो आलो."

"मग," सासूबाई म्हणाल्या आणि पाहुण्याच्या हातातली फळं घ्यायला पुढे झाल्या.

ओळखी झाल्या. उंच माणसाने सासऱ्यांशी हात मिळवला, सासूबाईंना नमस्कार केला. जावयासमोर त्याचा हात क्षणभर अधांतरी राहिला आणि मग दोघांनी तो हलवला, दोन्ही बाजूंनी जरा जास्तच.

"तुम्ही काय करता?" सासऱ्यांनी त्याला विचारलं.

"एसीचं काम आहे," तो म्हणाला. "इंजिनिअर आहे. बसगाड्या, रुग्णवाहिका. गाड्यांचंच."

जावई रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत राहिला. जगात इतके व्यवसाय आहेत. माणसं दात काढतात, पूल बांधतात, बासरी शिकवतात. विहिरीतली कासवं मोजणारासुद्धा कोणीतरी असेल. त्या सगळ्यांमधून हिला हाच सापडला.

"बरं झालं," मुलगी म्हणाली. "हा बघेल ना. परवा एका रुग्णवाहिकेच्या एसीचा बिघाड याने नुसता आवाज ऐकून सांगितला. आजवर हातात घेतलेलं काही याने अर्धवट सोडलेलं नाही."

"तसं काही नाही," उंच माणूस म्हणाला, पण सुखावला. शर्टाच्या बाह्या त्याच्या आधीच कोपरापर्यंत गेल्या होत्या.

"आधी चहा घ्या," सासरे म्हणाले.

"चहा पळून जातोय का, बाबा? दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांत काय होतंय. लांबून आलेत. उन्हातून आलेत."

"मला काही त्रास नाही," उंच माणूस म्हणाला. "उलट बरंच वाटेल."

त्याचा दोष नव्हता. पहिल्यांदा मुलीच्या घरी आलेल्या माणसाला दारातच स्वतःचं काम मिळावं, यापेक्षा मोठं भाग्य नाही. जावई पहिल्यांदा आला होता, तेव्हा त्याला भूगोलातलं कोणी काही विचारलं नव्हतं. तो दोन तास सोफ्याच्या टोकावर बसून होता.

आता तो दहा मिनिटांचा हिशोब करत होता. दहा मिनिटांनी ब्लोअर एकवर हळुवार वारा देणार. पुढच्या रविवारी सकाळी आपण आपल्या खोलीत असणार, आणि सकाळी खोलीत असलेला माणूस दुपारीही तिथेच सापडतो. आजवर तो गाडीसाठी येतो म्हणून 'का आलास' असं कोणी विचारत नव्हतं. गाडी बरी झाल्यावर या जिन्यात पाय ठेवायचा, तर कोण म्हणून ठेवायचा?

"काय होतंय नेमकं?" उंच माणसाने विचारलं.

सासरे चष्मा पुसायला लागले. जावई बुटाची नाडी बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "एक-दोन-तीनला मेल्यासारखा पडून राहतो आणि चारला अंगात आल्यासारखं करतो."

उंच माणसाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "अहो, मग हे तर—" म्हणत त्याने पुढचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसला. कप्पा त्याने एका झटक्यात खाली केला. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या स्वतःच्या खिशातून निघाला. मुलीच्या घरी पहिल्यांदा येताना त्याने खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवला होता, हे जावयाने मनात टिपलं, आणि नाइलाजाने त्याला तो माणूस जरासा आवडला.

"टॉर्च दाखवता का?" आतून आवाज आला.

टॉर्च जावयाच्याच हातात होता. तो वाकला आणि उजेड धरला.

कप्प्यामागचा कोनाडा लखलखीत होता. रिले नवा, वायर नवी, तिच्यावर नीट गुंडाळलेली पट्टी, खोबणी ब्रशने साफ केलेल्या. एखाद्या रुग्णालयाची खोली वाटावी. आणि मधोमध, स्वच्छ उजेडात, रेझिस्टर होता. काळा, जळलेला, आणि त्याच्यावर धुळीचा एक कण नव्हता. दोन्ही स्क्रूंची डोकी घासून चकाकत होती. जळून गेलेली ती पट्टी कोणीतरी दर आठवड्याला काढत होतं, पुसत होतं आणि होती तशी परत लावत होतं.

जावयाने तिला कधी हातही लावला नव्हता.

त्याने मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पाठमोरे होते. ते मागच्या टायरशी उभे राहून त्याच्यावर बुटाने हलकेच दाब देत होते आणि आकाशाकडे बघत होते.

उंच माणसाने घासलेल्या स्क्रूवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने डोकं बाहेर काढलं आणि तसाच, गुडघ्यांवर, गाडीच्या आत नजर फिरवली. मागच्या सीटवर सासूबाईंची उशी होती. स्वेटर, चष्म्याचं घर, थर्मास. थर्मासच्या शेजारी तीन कप, एकात एक घातलेले.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने विचारलं.

"थंडीपासून," सासूबाई म्हणाल्या.

"रोज?"

"रविवारी फक्त. आधी हे रविवारी दहापर्यंत लोळायचे. आता सकाळी दाढी करून खाली येऊन उभे राहतात."

"दाढी मी रोजच करतो," सासरे आकाशाला म्हणाले.

उंच माणसाने पुन्हा आत डोकं घातलं. स्क्रू-ड्रायव्हर कुठेतरी लागल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. दहा मिनिटं झाली. मग आणखी बरीच झाली. मुलीने घड्याळ बघितलं.

उंच माणूस बाहेर आला. त्याने कप्पा वर ढकलला, दोन्ही बाजूंनी दाबून बसवला आणि हात झटकले. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला होता.

"काही कळत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"म्हणजे सापडत नाही. वरवर सगळं ठीक दिसतंय."

सासऱ्यांचा बूट टायरवर थांबला.

"तू बसच्या बस बऱ्या करतोस ना?"

"बसचं वेगळं असतं."

"रुग्णवाहिका?"

"रुग्णवाहिका बोलतात. ही बोलत नाही." त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे होतात तसे. "थोडं थोडं बघत राहावं लागेल. घाई करून उपयोग नाही. बाबा करतायत ते बरोबर आहे."

मुलगी हसायला लागली. आधी तोंडावर हात दाबून, मग उघड. "आणि मी येताना गाडीत काय काय ऐकून घेतलं. दाबाचं शास्त्र, थंडीचं शास्त्र. चला. एक भूगोलवाला, एक टेलिफोनवाला आणि एक तज्ज्ञ, आणि वारा काही निघत नाही." तिने रुमालाने त्याच्या कपाळावरचा पट्टा पुसला. तो आणखी पसरला.

तज्ज्ञाने ते सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा घरी आलेला माणूस, ज्या एका गोष्टीत त्याचा हात कोणी धरू शकत नाही, त्याच गोष्टीत सगळ्यांसमोर नापास होऊन उभा होता, आणि मान खाली घालून बाह्या परत मनगटापर्यंत आणत होता. जावयाने टॉर्च बंद केला. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून टॉर्च तोंडात नसूनही तो 'अंहं' म्हणाला.

सासरे पुढे आले. त्यांनी आपला खांद्यावरचा फडका तज्ज्ञाला दिला, हात पुसायला.

"होतं असं," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. गाडी हट्टी आहे. चला, वर चला, जेवायलाच बसू."

जेवताना सासूबाईंनी दोघांनाही सारखंच वाढलं, म्हणजे दोघांनाही नको म्हणायची संधी दिली नाही. मुलीने जावयाकडे मीठ मागितलं आणि त्याने ते दिलं. लग्नाच्या शेवटच्या वर्षात जितक्या अवघडलेपणाने दिलं असतं, त्याच्या निम्म्यानेही नाही. सासऱ्यांनी तज्ज्ञाला टेलिफोनच्या एका बिघाडाची गोष्ट सांगितली, जी जावयाला पाठ होती. गोष्टीत उंदीर येतो तिथे जावई आधीच हसला. सासरे त्याला म्हणाले, "तू थांब जरा."

जावई निघाला तेव्हा तज्ज्ञही खाली आला. गाडी सावलीत घेतो, असं त्याने वर सांगितलं होतं. त्याची गाडी सावलीतच होती. दोघं फाटकाशी उभे राहिले. तज्ज्ञ किल्ली बोटाभोवती फिरवत होता.

"रविवारी किती वाजता येता तुम्ही?" त्याने विचारलं.

"नऊ, साडेनऊ."

"हं." किल्ली आणखी दोनदा फिरली. "मग मी शनिवारी येत जाईन."

जावयाने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावरचा काळा पट्टा कानापर्यंत गेला होता आणि त्याला ते कोणीच सांगितलं नव्हतं.

"शनिवारी काय करणार?"

"तेच बघतोय. घर जुनं आहे, काहीतरी निघेल." त्याने वर घराकडे बघितलं. "मी असा नुसता येऊन बसणारा माणूस नाही. मला जमत नाही ते. हातात काही नसलं की मी दाबाचं शास्त्र सांगायला लागतो."

जावई फाटकाची कडी लावायला वाकला. ती लावून झाली, तरी तो थोडा वेळ तिथेच राहिला.

"मागच्या बाल्कनीच्या दाराची बिजागरी," तो कडीकडे बघत म्हणाला. "कुरकुरते. मी राखून ठेवली होती ती, पुढेमागे लागली तर. तुम्ही घ्या."

तज्ज्ञाने किल्ली खिशात टाकली.

"दोन थेंब तेल घातलं की जाईल," तो म्हणाला.

"जाईल की," जावई म्हणाला. "पण आधी चौकट तपासा. मग भिंत. मग घर कोणत्या बाजूला कललंय, ते एकदा बाबांना विचारा. तेलाची घाई करू नका."